हापशावर बसलेले आप्पा

फाल्गुन लागला की मला घरात बसवत नाही. शिरूरला आमच्या शाळेच्या मागं पळस फुलतो, दुपारचा वारा खिडक्या आपटायला लागतो, आणि हातात खडू असला तरी मन काही फळ्यावर ठरत नाही. दहावीच्या पोरांना मी सांगते, "परीक्षा तोंडावर आलीय, चित्त एका जागी ठेवा," आणि मी स्वतः वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालते. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात, आज बाईंचं काय बिनसलंय म्हणून. त्यात यंदा निवडणूक आली. रस्त्याकडेच्या भिंतींना चुना लागला. नुसता ओल्या चुन्याचा वास आला तरी मी रस्ता बदलते, हे कुणाला सांगायचं?

परवा शिक्षकखोलीत पेपर आला होता. कुण्या मंत्र्याची भानगड बाहेर आली होती, खुर्ची गेली होती, पाठोपाठ निवडणुकीतही आपटला होता. व्यंगचित्रकारानं त्याला रस्त्यावर ओणवा काढला होता आणि खुर्ची अजून मागं चिकटलेली. आमचे ड्रॉइंगचे सर इतके हसले की चहा बशीत सांडला. मीही हसले. चित्र झकासच होतं, खोटं कशाला बोलू? पण हसू ओसरायच्या आत मनात आलं, या माणसाला मुलगी असेल का? असली तर ती आज शाळेत गेली असेल का?

मी गेले होते. म्हणून विचारते.

आमचं गाव खुटबाव आणि यवतच्या मधलं. गावात एस.टी. थांबते तिथं समोरच सोसायटीचं गोदाम आहे, आणि गोदामाची ती लांबच लांब भिंत शिमग्याची. म्हणजे रीतच होती तशी. वर्षभरात ज्यानं कुणी शेण खाल्लं असेल त्याचं चित्र धुळवडीच्या सकाळी त्या भिंतीवर निघायचं. कोळसा, काव आणि चुना, एवढंच सामान. पोरंटोरं, म्हातारीकोतारी सगळी बघायला यायची, पोट धरून हसायची, बोंब मारायची. मग रंगपंचमीला ज्याचं चित्र त्यानंच बादली घेऊन यायचं आणि पहिलं पाणी आपल्या हातानं मारायचं. त्याच्या मागून बाकीचे मारायचे. काव वाहून जायची, कोळसा वाहून जायचा, आणि प्रकरण तिथं संपायचं. त्यानंतर कुणी तो विषय काढलाच तर म्हातारी माणसं डोळे वटारायची. "पंचमी झाली न्हवं? मग आता काय त्याचं?"

मला ती रीत फार आवडायची. पोलीस पाटलाची स्वतःचीच म्हैस चोरीला गेली तेव्हा त्यांना भिंतीवर म्हशीच्या शेपटाला धरून झोपलेलं काढलं होतं. पाटील चार दिवस घराबाहेर पडेनात. शेवटी आमच्या आप्पांनी त्यांना दंडाला धरून भिंतीपर्यंत ओढत नेलं होतं. "अवं चला, मानूस हसून घेतं आन् मोकळं व्हतं!" पाटलांनी पाणी मारलं, आणि सगळ्यात मोठ्यानं आप्पाच हसले. मी तेव्हा आप्पांच्या खांद्याला टेकून उभी होते. आपल्या बापाचं कुणी चित्र काढील असं तेव्हा स्वप्नातही आलं नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचे आजोबा खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांमागं फिरायचे, आज या शिवारात तर उद्या त्या. आप्पांच्या काळात आम्ही एका जागी टेकलो, कालव्याच्या पाण्यावर ऊस केला, आणि आप्पा आमच्या भावकीतले पहिले पंचायत समितीचे मेंबर झाले. घरात केवढा तो आनंद! आई आल्यागेल्याला चहा करून करून थकायची. पांढरी टोपी, वळवलेल्या मिशा, मागं चार माणसं. त्या मिशांवर आप्पांचा भारी जीव. तेल लावून, पीळ देऊन झाल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही.

गावाच्या कडेला बौद्धवस्ती आहे. तिथल्या बायका उन्हाळ्यात कालव्यावरून पाणी आणायच्या, कालवा बंद असला की कुणाच्या तरी विहिरीवर जाऊन ताटकळायच्या. त्या वस्तीला हापसा मंजूर झाला. मंजूर आप्पांनीच करून आणला, हेही खरं. आणि बोअरची गाडी आली तेव्हा वस्तीत दगड लागतोय, पाणी लागायचं नाही, असं म्हणून त्यांनी ती गाडी आमच्या गोठ्यापाशी वळवली, हेही तितकंच खरं. पाणी लागलं. भरपूर लागलं. हापसा बसला. थोड्या दिवसांनी, जनावरं आत येतात म्हणून, त्याच्या भोवती बाभळीच्या काट्यांची कुपाटी पडली. आणि कुपाटीच्या आत आमच्या म्हशी तेवढ्या राहिल्या.

मला कळत नव्हतं असं नाही. मीच हापसायचे की ते पाणी. थंडगार, गोड पाणी.

मग निवडणूक आली. नव्वदीची ती वर्षं. पोस्टरं कमी, भिंती जास्त. आप्पांचं चिन्ह कपबशी, आणि गावोगाव ती कपबशी रंगवली दिगू पेंटरनं. दिगू त्याच वस्तीतला, चंद्राक्काचा मुलगा, यवतच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. तो सगळ्याच पक्षांच्या भिंती रंगवायचा. "भिंतीला पक्ष नसतोय आप्पा," म्हणायचा. पण विरोधकांनी सभेत हापसा काढला, आणि मग प्रत्येक सभेत हापसाच निघायला लागला. आप्पा पडले. नुसते पडले नाहीत, आपल्याच गावात मागं राहिले. विरोधकांच्या मिरवणुकीतला गुलाल आमच्या अंगणात उडाला तो आईनं दोनदा झाडून काढला, तरी मातीला लाली राहिलीच.

आणि चार दिवसांत होळी.

धुळवडीला सकाळी मी वह्या घेऊन बसले होते. दहावीचे पेपर चालू होते. रस्त्यावर पोरांचा ओरडा झाला तसा आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. दुसऱ्या दिवशी पेपरला यवतला जायला एस.टी.वर गेले, तेव्हा ते समोर दिसलं.

दिगूनं जीव ओतला होता हो. आप्पा हापशावर घोड्यासारखे बसलेले. डोक्यावर टोपीच्या जागी पालथी कपबशी. मिशा लांबच लांब, आणि दोन्ही मिशांच्या टोकांतून पाण्याच्या धारा, त्या थेट म्हशींच्या गव्हाणीत. आणि एका बाजूला, अगदी लहान, रिकाम्या घागरी घेतलेल्या बायकांची रांग. बायकांना तोंडं नव्हती, नुसत्या घागरी आणि पदर. आप्पांचं तोंड मात्र हुबेहूब. खुशीत आले की ते डावा डोळा बारीक करायचे, तोसुद्धा त्या पठ्ठ्यानं टिपला होता.

एस.टी.त पोरींनी बोटांनी हवेत मिशा काढल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बीजगणिताच्या पेपरात समीकरणाच्या दोन्ही बाजू काही केल्या सारख्या होईनात. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग. दिगूचा राग, गावाचा राग, आणि सगळ्यात तळाशी आप्पांचा. चित्र खोटं असतं तर मी कुणाच्याही अंगावर धावून गेले असते. ते खरं होतं, हीच तर पंचाईत. एकच धीर होता, की पंचमीला ते पुसलं जाईल.

पंचमीच्या सकाळी आप्पा म्हणाले, "मी न्हाई जायचा. पोरखेळ सगळा."

"अवं, पोलीस पाटलाला वढत कुनी न्हेलं व्हतं?" आई चुलीपुढून म्हणाली. "तवा पोरखेळ न्हवता व्हय?"

आप्पा उठले. मिशांना तेल लावलं नाही. आमच्या हापशावर बादली भरली आणि निघाले. मी मागं.

सगळं गाव गोळा झालं होतं. आप्पांनी बादली उचलली आणि पाणी मारलं. फटकन आवाज झाला. पाणी भिंतीवरून ओघळून खाली आलं, आणि चित्र तसंच. उलट धुळीतून निघून जास्तच चकाकायला लागलं. पोरं हसली, मग त्यांनाही हसवेना. आप्पांनी उरलेलं पाणी मारलं. काही नाही. मिशीचा केससुद्धा हलला नाही.

दिगू पुढं आला, अंगठ्यानं भिंत घासली, आणि कपाळावर हात मारला. "आयला! आप्पा, चूक झाली. काव संपली व्हती. इलेक्शनचा डबा उरलेला, म्हनलं वाया कशाला घालवायचा. ऑइलपेंट हाय ह्यो. ध्यानातच न्हाई आलं." मग खाली मान घालून म्हणाला, "तुमच्याच कपबशीचा डबा हाय."

आता कुणी हसेना. रीतच मोडली होती. पाणी मारलं तरी माणूस मोकळा झाला नाही, असं कधी घडलंच नव्हतं. आता पुढं काय करायचं हे म्हाताऱ्यांनाही सुचेना. तेवढ्यात गर्दीतून दिगूची आई, चंद्राक्का पुढं आली. वाळलेली, उंच बाई, कमरेवर हात.

"आप्पा," ती म्हणाली, "पानी कुठलं आनलंसा?"

आप्पांनी रिकाम्या बादलीकडं बघितलं.

"आमच्या हापशाचं न्हवं? मग कसं जाईल? ते पानी आमचंच आयकतंय."

माझ्या बापानं त्या दिवशी बादली तिथंच ठेवली आणि चालत घरी आला. शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात. आमच्या घराच्या वाट्याला ते असं आलं, दिवसाढवळ्या, एस.टी.च्या थांब्यासमोर, चकाकत्या निळ्या रंगात.

एका टळटळीत दुपारी आई रॉकेलची बाटली आणि काथ्या घेऊन भिंतीपाशी गेली, मागं मी. रस्ता सामसूम होता. दोघींनी मिळून घासलं. रंग निघाला नाही, पसरला. मिशी होती त्याच्या दुप्पट झाली आणि पार कोपऱ्यापर्यंत गेली. हात दाखवून अवलक्षण! संध्याकाळच्या एस.टी.तून उतरलेला एक जण म्हणाला, "आप्पांच्या मिशा वाढल्या की रं." आई रात्री जेवली नाही.

त्या चैत्रातली आप्पांची तगमग मला अजून आठवते. अंगणात फेऱ्या मारायचे. खाटेवर बसायचे, उठायचे. मागं फिरणारी माणसं कुठं गेली कुणास ठाऊक. गोठ्यात गडी हापसायला लागला की हापशाच्या दांड्याचा करकर आवाज व्हायचा, आणि तो सुरू झाला की आप्पा शिवारात निघून जायचे. ऊन वाढलं, कालवा बंद झाला. वस्तीतल्या बायका डोक्यावर घागरी घेऊन आमच्या बांधावरून लांबच्या विहिरीवर जायच्या. आमच्याकडं बघायच्या नाहीत, आणि ते न बघणंच जास्त लागायचं.

"मामंजी मेंढरं घिऊन फिरायचे," आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, कुणाकडं न बघता. "दुसऱ्याच्या हिरीवर तासतास उभं ऱ्हायाचे, धनी येऊन व्हय म्हनंस्तवर. तुमीच सांगितलंय मला. लगीन झालं त्या सालीच."

आप्पांनी ताट सारलं. कोयता घेतला आणि गोठ्याकडं गेले. बाभळीची कुपाटी एकेक फांदी ओढून तोडली, हाताला काटे लागून रक्त आलं तरी थांबले नाहीत. गड्याला हात लावू दिला नाही. वाट मोकळी झाली तसे हापशापाशी दगडावर बसले, उन्हात.

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायका बांधावरून तशाच लांबच्या विहिरीवर गेल्या. आप्पांना वाटलं होतं कुपाटी निघाली की काम झालं. मलाही तसंच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चल गं." का नेलं मला, ते त्यांनी सांगितलं नाही. एकट्याला जाववत नसावं. आम्ही वस्तीत चंद्राक्काच्या दारात उभे राहिलो. मत मागायला आल्यावर आप्पा दारात उभे राहायचे तसे नाही. आजोबा विहिरीवर उभे राहत असतील तसे.

"आक्का, कुपाटी काडलीया. पान्याला या."

चंद्राक्का तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर केली नाही. "येतो की. पर हापसा कुनाचा, ते बोला आधी."

"तुमचा."

"आयकू न्हाई आलं."

शेजारपाजारच्या बायका दारात आल्या होत्या. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला होता, आणि मला एकाच वेळी तिथून पळून जावं आणि त्यांना पुढं ढकलावं असं वाटत होतं.

"हापसा वस्तीचा हाय!" आप्पा ओरडले. "वस्तीचाच व्हता. म्या पळवला."

चंद्राक्कानं सूप खाली ठेवलं. उठली, कोपऱ्यातली घागर घेतली, आणि आमच्या पुढं चालायला लागली. मागून बाकीच्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हापशाचा दांडा थांबला नाही. आई ओसरीत बसून ती करकर ऐकत होती आणि डोळे पुसत होती.

दुसऱ्याच सकाळी दिगू चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आला. "आप्पा, दोन हात मारतो. झाकून जाईल समदं."

मी मनात म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे!

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

"अवं पर..."

"ऱ्हाऊ दे म्हनलं न्हवं? पुसलं की म्या इसरनार. मला माज्याबद्दल लई खात्री न्हाई."

किती चिडले होते मी! सगळ्या गावाला पंचमी, आणि आम्हांलाच नाही? पुढं केंदूरचे पाहुणे मला बघायला आले, ते एस.टी.तून उतरले ते थेट त्या भिंतीसमोर. चहा पिताना होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "त्या गोदामावर चित्र कुणाचं हाय?" मी पोह्यांचं ताट घेऊन दारातच थांबले. आप्पा म्हणाले, "माजंच. आमच्या मंडळीनी रॉकेल लावल्यानं मिशी जरा वाढलीया, न्हाईतर हुबेहूब हाय." आणि सगळी गोष्ट त्यांनी पाहुण्यांना सांगितली, एक शब्द न गाळता. सासरे नंतर म्हणायचे, मुलगी बघायची राहूनच गेली, बापावरच ठरवलं.

पेपरातला चित्रकार ज्याला काढतो त्याच्या दारावरून त्याला रोज जावं लागत नाही. दिगूला लागायचं. आप्पांना त्या चित्राखाली उभं राहून एस.टी.ची वाट बघावी लागायची. दोघंही तिथं एकमेकांना बिडी द्यायचे. आता दिगूचं यवतला फ्लेक्सचं दुकान आहे. तो म्हणतो, "बाई, फ्लेक्सवर कुनाची मिशी वाकडी करता येत न्हाई. गिऱ्हाईक हसरा फोटो घिऊनच येतंय." हरलेल्यांचे हसरे चेहरे हायवेच्या कडेला उन्हात पांढरे होईपर्यंत टांगलेले असतात. त्यांना ना कुणी हसतं, ना कुणी पाणी मारतं. त्यांची पंचमी कधी व्हायची?

रंग उडायला लागला तेव्हा आप्पांनीच दिगूला बोलावलं होतं. "डावा डोळा फिका झालाय रं. बग जरा." दिगूनं डोळा नीट केला. मिशी मात्र रॉकेलनं वाढलेली तशीच ठेवली, आप्पांच्या सांगण्यावरून.

यंदा निकालाच्या दिवशी मला शिरूरला राहवेना. न्हावऱ्यावरून चौफुल्याची गाडी धरली आणि गावात उतरले, तर माझा चुलतभाऊ बाळू निवडून आला होता, आप्पांच्याच जुन्या जागेवर. हलगी, फटाके, मिरवणूक. बाळू नखशिखांत गुलालात. आप्पा काठी टेकत दारात आले. बाळू पाया पडायला वाकला, तसे ते दोन पावलं मागं सरले.

"हितं न्हाई. चल."

काठी टेकत पुढं आप्पा, मागं बाळू, त्याच्या मागं हलगी, फटाके सगळंच. गोदामाच्या भिंतीपाशी आले तेव्हा हलगी आपोआप थांबली. फ्लेक्सचं दुकान बंद करून आलेला दिगू तिथं उभाच होता. आप्पांनी हापशावरच्या आप्पांकडं काठी रोखली.

"पाया पडायचं आसंल तर ह्याच्या पड."

बाळू हसला. कुणी हसलं नाही तसा वाकला आणि भिंतीला हात लावला. गुलालाची पाच बोटं उमटली. कुणीतरी पोरानं पिचकारी मारली, तशी ती ओघळून गेली. निळे आप्पा होते तसेच राहिले, डावा डोळा बारीक करून.

आप्पांनी भिंतीकडं बघितलं, मग बाळूकडं. पुतण्याचा त्यांना भारी लळा, लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे.

"दिगू," ते म्हणाले, "शेजारी जागा हाय न्हवं?"

"हाय की आप्पा," दिगू म्हणाला. "कालच चुना मारून ठिवलाय."